मदत हवी आहे: आजोबा इटलीत लढले की युद्धकैदी होते? दुसऱ्या महायुद्धातील नेमणुकांचा शोध

नमस्कार. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते आणि चार-साडेचार वर्षे परदेशात काढून १९४५ साली पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. ते इटलीच्या लढाईत होते असे घरात कायम सांगितले गेले, त्यांच्या फोटोखालीही तसेच लिहिले आहे, आणि शाळेत यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसविषयी वाचले तेव्हा आजोबा त्यांच्याच आसपास कुठेतरी लढत असतील असे मी धरून चाललो होतो. गेल्या वर्षभरात हाती आलेल्या काही वस्तूंमुळे ही समजूत बरोबर नसावी असे वाटू लागले आहे. आई आता ७८ वर्षांची आहे. आपले वडील त्या काळात नेमके कुठे होते हे तिला कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजोबांची पत्र्याची पेटी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात भिंतीखाली सापडली होती. त्यातला सेवामुक्तीचा कागद आज अर्धाच उरला आहे. वरचा भाग फाटून गेल्याने बटालियनचा क्रमांक नाही, फक्त ‘मराठा’ एवढा शब्द आणि अंगठ्याचा ठसा दिसतो. पदके मात्र शाबूत आहेत. दोन तारे आणि एक गोल पदक अशी तीन पदके असून त्यातला एक तारा आफ्रिका स्टार आहे, कारण त्याच्या वाळूच्या रंगाच्या फितीवर मधोमध लाल पट्टा अजून ओळखू येतो. इटली स्टार नाही. लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची ती फीत पेटीत, देव्हाऱ्यात, मामांच्या घरी, कुठेच मिळाली नाही आणि असे पदक कधी होते असे कोणाला आठवतही नाही. इटलीच्या लढाईत असलेल्या शिपायाला ते मिळाले नसेल, हे मला पटेना.

याच पेटीच्या तळाशी, कागदाच्या अस्तराखाली, एक छापील कार्ड निघाले. त्यावर मोडीत चार ओळी आहेत: खुशाली, थोरल्या भावाला नमस्कार, बैल विकू नये अशी सूचना, आणि पुन्हा खुशाली. आजोबांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे हात दुसऱ्या कोणाचा आहे. आई आजवर कार्डावरच्या छापील अक्षरांना ‘इटलीचा पत्ता’ म्हणत आली. ते शब्द आहेत ‘प्रिजोनिएरी दि ग्वेर्रा’, आणि त्यांचा अर्थ ‘युद्धकैदी’ असा होतो. खाली ९१ हा आकडा आहे. शिक्क्यातील तारीख पुसट असली तरी वर्ष १९४३ वाचता येते.

आजोबा लढाईविषयी बोलत नसत. आईने त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेल्या दोनच गोष्टी तिला आठवतात आणि त्या ती नेहमी त्याच शब्दांत सांगते. एक, ‘आपल्याच विमानांनी आमच्यावर बॉम्ब टाकले, भिंत पडली आणि आम्ही पळालो.’ दुसरी, रात्री-रात्री चालून ते अशा मुलखात पोचले जिथे गाईंच्या गळ्यात तांब्याएवढ्या घंटा होत्या आणि लोकांनी त्यांना दूध व भाकरीसारखा जाड पाव दिला. या घंटांवरून आम्ही मुले त्यांना चिडवत असू, आणि आज त्याचे वाईट वाटते.

एका सरकारी कार्यालयात मी अर्ज दिला होता, पण सैनिक क्रमांक अपुरा असल्याच्या शेऱ्यासह तो परत आला. त्यानंतर गोल पदकाच्या कडेवर रांगोळीची पूड चोळून अक्षरे वाचली. क्रमांक आणि नाव दोन्ही कोरलेले आहेत, पण शेवटून दुसरा अंक ३ आहे की ८ हे भिंगातूनही ठरत नाही. आजोबा कोणत्या बटालियनमध्ये असावेत, ९१ म्हणजे काय, आणि कैदेनंतरचा त्यांचा प्रवास कोणत्या कागदांत सापडू शकेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण जे बारकाईने टिपले आहे त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मराठ्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियन इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. दुसरी बटालियन मात्र अकराव्या भारतीय ब्रिगेडबरोबर लिबियातील टोब्रुकच्या वेढ्यात होती. २० जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याने नेमके तिच्याच आघाडीवर खिंडार पाडले, दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार नाही आणि कार्ड इटलीतून आलेले आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर मी प्रथम दुसऱ्या बटालियनचाच विचार करीन. एकटा आफ्रिका स्टार पुरेसा नाही, कारण तो १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातील सेवेसाठी असून त्यात एरिट्रियाची मोहीमही येते.

कॅम्प ९१ म्हणजे मध्य इटलीतील अवेझानो. तिथे भारतीय कैदी ठेवलेले होते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर काही कैदी डोंगरांत निसटले आणि अनेकांना जर्मनांनी उत्तरेकडे नेले. आता आपल्या आईंनी सांगितलेल्या गोष्टी पाहा. फ्रान्समधील एपिनाल या गावी भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती, सुमारे तीन हजार जणांची. ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांचे बॉम्ब तिच्यावर पडले, कुंपण व भिंती ढासळल्या आणि कैदी बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे पाचशे जण फ्रेंच गावकऱ्यांच्या मदतीने चालत स्वित्झर्लंडला पोचले. आपल्या आजोबांच्या घंटा खऱ्या होत्या असे मला वाटते.

कागदांसाठी पहिला अर्ज बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला करावा आणि त्यात ‘शीट रोल’, म्हणजे शिपायाच्या सेवेची नोंद, मागावा. भारतीय शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये. अर्जावर आपल्या आईंची सही असावी आणि वडिलांचे नाव असलेला त्यांचा एखादा दाखला जोडावा. दुसरा अर्ज जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या अभिलेखागाराला करावा. तिथे कैद्यांच्या याद्या आहेत, मात्र चौकश्या ठराविक मुदतीत आणि मर्यादित संख्येनेच घेतल्या जातात. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखाते) १६९ या क्रमांकाच्या कागदांमध्ये मध्यपूर्वेतील पलटणींच्या युद्धनोंदी आणि डब्ल्यूओ २०८ मध्ये निसटलेल्या कैद्यांचे जबाब आहेत. युद्धनोंदींत शिपायाचे नाव क्वचितच येते, तेव्हा त्या वाचायच्या त्या बटालियनचा दिवस कसा गेला हे समजण्यासाठी. स्वित्झर्लंडचा धागा पक्का झाला तर बर्नच्या संघीय अभिलेखागारालाही लिहावे.

धागाकर्ता

आपले शतशः आभार. आईला आपला प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. एपिनाल हे नाव तिने ऐकलेले नाही, पण बॉम्ब दिवसा पडले की रात्री असे विचारल्यावर ती लगेच म्हणाली की दिवसा, आबांच्या हातात तेव्हा धुतलेला सदरा होता आणि तो वाळत घालायचा राहिला. ही गोष्ट तिने मला पूर्वी कधी सांगितली नव्हती. बेळगावच्या अर्जावर तिने काल सही केली असून तिचा शाळेचा दाखला जोडला आहे. एकच शंका राहिली: ३ आणि ८ असे दोन्ही संभाव्य क्रमांक एकाच अर्जात लिहून पदकाच्या कडेचा फोटो सोबत द्यावा, की दोन क्रमांकांसाठी दोन स्वतंत्र अर्ज करावेत?