सर्दी-तापानंतर गळा दुखतोय आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदम कमी, कुणाला अनुभव आहे का?

नाशिकची_लेक: आईला (वय ५२) महिन्यापूर्वी सर्दी-ताप-खोकला झाला होता, तो बरा झाला पण नंतर गळ्याला पुढून दुखायला लागलं, नुसता हात लावला तरी कळ जाते पार जबड्यातून कानापर्यंत. आम्ही आधी दातांच्या डॉक्टरकडे गेलो मग कानाच्या, पंधरा दिवस त्यातच गेले. आता छातीत धडधड, हात थरथरतात, वजन ४ किलो उतरलंय. काल रिपोर्ट आले, टीएसएच ०.०२ आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) ८४, म्हणजे बराच जास्त. शेजारच्या काकू म्हणतात आता जन्मभर गोळ्या. खरंच का हो?

सातारकर: ताई घाबरू नका, मला कोविडनंतर डिट्टो हेच झालेलं. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. सबॲक्युट थायरॉइडायटिस (थायरॉइड ग्रंथीची सूज) म्हणाले, साताठ महिन्यांत सगळं नॉर्मल, आज एकही गोळी नाही.

डॉ_मेडिसिनवाली: आईंना मी तपासलेलं नाही, पण वर्णन त्याच आजाराचं वाटतंय. द कर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने १९०४ मध्येच याबद्दल लिहिलंय, आणि २०२० मध्ये इटलीतून कोविडनंतरची पहिली केस आली. व्हायरल इन्फेक्शननंतर काही आठवड्यांनी थायरॉइड ग्रंथीला सूज येते, पेशी फुटतात आणि आत साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं, म्हणून टीएसएच कमी येतो. म्हणजे ग्रंथी जास्त बनवत नाहीये, साठा गळतोय! म्हणून कार्बिमाझोल इथे कामाचं नाही, ते हार्मोन बनणं थांबवतं. थायरॉइड स्कॅन करा, यात अपटेक (स्कॅनचं औषध ग्रंथी किती शोषते ते) अगदी कमी येतो, ग्रेव्ह्जमध्ये (ग्रंथी खरंच जास्त हार्मोन बनवते तो आजार) जास्त. दुखण्यावर सूज उतरवणाऱ्या गोळ्या, नाहीच थांबलं तर स्टेरॉइड, धडधडीला प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर आधी सांगा). साठा संपला की काही आठवडे टीएसएच उलट वाढतो, तेव्हा थकवा येईल, बहुतेकांचं नंतर आपोआप जाग्यावर येतं, थोड्यांना मात्र कायमची गोळी लागते. त्यामुळे दर ४-६ आठवड्यांनी टेस्ट चुकवू नका.

सातारकर: आणि स्टेरॉइड दिलं तर मनाने बंद करू नका प्लीज. मला दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मी सोडलं आणि आठवड्यात दुखणं परत आलं.

नाशिकची_लेक: बापरे, आम्हाला कार्बिमाझोलच लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. उद्याच एंडोक्रायनॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेते आणि स्कॅनचं विचारते. आईला दमा आहे, ते बरं झालं सांगितलंत.