खिडकीपाशी पाखरांना दाणे ठेवावेत का?

सोनचाफा (पुणे)
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी असा ठराव मांडला आहे की, कोणीही आपल्या खिडकीत किंवा सज्जात पक्ष्यांसाठी खाणे ठेवू नये. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आहे. माझा त्याला विरोध आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना मी गेली सहा वर्षे बाजरी-कण्यांची एक थाळी आणि पाण्याचे पसरट भांडे बांधून ठेवले आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या माझ्या सासूबाई सकाळचा चहा त्या खिडकीशी बसून घेतात, आणि हातभर अंतरावर येणाऱ्या चिमण्या हा त्यांच्या दिवसातला सर्वांत आनंदाचा भाग असतो.

सभेत मुख्य आक्षेप असा होता की, खिडकीजवळ खाणे ठेवले की पक्षी काचेवर आपटून मरतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम १९७० च्या दशकापासून याच प्रश्नाचा अभ्यास करीत आहेत. खाणे काचेपासून एक मीटरच्या आत असेल, तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेगच घेता येत नाही आणि धडक जीवघेणी ठरत नाही, असे त्यांना आढळले. खाणे पाच-दहा मीटरांवर असेल, तर मात्र तोच पक्षी काचेतल्या आभाळाच्या प्रतिबिंबाकडे पूर्ण वेगाने झेपावतो. म्हणून ठेवायचेच असेल तर अगदी खिडकीला लागून ठेवावे, असे माझे मत आहे.

रानवाटसरू (पुणे)
सोनचाफाताई, अंतराविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु थाळीत काय ठेवले जाते आणि त्यावर कोण येते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आपल्या शहरातल्या बागांमधले बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. दयाळ आणि शिंपी किड्यांवर जगतात, बुलबुल आणि तांबट फळांवर, शिंजीर फुलांतल्या मधावर आणि कोळ्यांवर. दाण्यांवर येतात त्या चिमण्या, मनोल्या, होले आणि सर्वांत जास्त पारवे. चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच भरवते, त्यामुळे जिथे झुडुपेच उरलेली नाहीत तिथे केवळ बाजरीने तिचा संसार उभा राहत नाही.

आणखी एक अनुभव सांगतो, कारण त्याची टोचणी मला अजून आहे. काकबळी म्हणून मी रोज सकाळी सज्जाच्या कठड्यावर भात ठेवीत असे. एका चैत्रात सज्जातल्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलांनी घरटे केले. कावळ्यांना आमच्या कठड्याची सवय मीच लावलेली होती. भात संपल्यावर ते वेलात डोकावू लागले आणि तिसऱ्या दिवशी घरट्यात एकही पिल्लू उरले नाही. त्यानंतर मी भात बंद केला आणि मोठ्या कुंड्यांमध्ये कढीपत्ता, तुती आणि जास्वंद लावली. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळे खायला बुलबुल आणि कोकीळ दोघेही येतात. सासूबाईंना खिडकीतून पाखरे दिसावीत हीच इच्छा असेल, तर ती अशीही पूर्ण होऊ शकते.

दादरकर (मुंबई)
मी या ठरावाच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण माझे वडील आहेत. आमच्या शेजारच्या खिडकीत अनेक वर्षे ज्वारी टाकली जात असे. पारवे तिथे खात आणि आमच्या वातानुकूलन यंत्रामागे घरटी करीत. वडिलांचा कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप यांचे निदान होईपर्यंत त्यांच्या फुफ्फुसांवर व्रण पडलेले होते. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास काही माणसांचे शरीर तिच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया देते. त्यातून झालेली हानी औषधांनी थोपवता येते, पण पडलेले व्रण भरून येत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा किती लोक दुखावले गेले हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांच्या जीवदयेविषयी मला आदर आहे. परंतु कबुतरखाना निदान चौकात होता. खिडकी तर माणूस झोपतो तिथून चार हातांवर असते, आणि ज्याला त्रास होतो तो बहुधा दाणे टाकणारा नसतो, शेजारी असतो.

सोनचाफा (पुणे)
दादरकर, आपल्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले. आमच्या थाळीभोवती दीड इंची चौकोनांची तारेची जाळी आहे. चिमणी तिच्यातून आत जाते, पारवा जाऊ शकत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर, सांडलेले दाणे खालच्या मजल्याच्या छज्जावर पडतात आणि तिथे पारवे बसतात, हे मी काल खाली वाकून पाहिले तेव्हाच माझ्या लक्षात आले. खालच्या बिऱ्हाडात लहान मूल आहे.

मात्र चिमण्यांसाठी काहीच करू नये, हे मला मान्य नाही. कौलारू घरांच्या वळचणी गेल्या, भिंतींतली भोके बुजली, वाड्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. हे सारे आपणच केले. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो आणि त्यानिमित्ताने कितीतरी घरांत लाकडी खोपी लागल्या, हे मोल मी कमी लेखणार नाही.

थेम्सकाठ (लंडन)
ब्रिटनमध्ये खिडकीबाहेर दाणे टांगणे ही घरोघरची रीत आहे, म्हणून येथला अनुभव सांगते. ग्रीनफिंच हा बागांमधला अगदी नेहमीचा पक्षी. २००५ पासून त्याच्यात घशाचा एक परजीवी रोग पसरला आणि संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये त्याचे नाव धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. हा परजीवी मूळचा पारवे-होल्यांमधला. आजारी पक्षी गिळता न आलेला ओला दाणा परत टाकतो आणि तोच दुसरा उचलतो; सपाट थाळीत हे सर्वांत सहज घडते. थाळी ठेवायचीच असेल तर ती रोज घासून पूर्ण वाळवावी आणि एखादा पक्षी पिसे फुलवून सुस्त बसलेला दिसला, तर खाणे काही आठवडे थांबवावे.

रानवाटसरू (पुणे)
थेम्सकाठ यांनी सांगितलेला धोका येथे दुप्पट लागू होतो, कारण आपल्याकडे थाळीवर पारवे आणि चिमण्या एकत्र असतात. शेव, फरसाण आणि बुरशी आलेले शेंगदाणे तर कोणीही ठेवू नयेत.

पाण्याला माझा विरोध नाही. दोन बोटे खोल, खडबडीत तळाचे मातीचे भांडे असावे आणि ते रोज रिकामे करून घासावे, कारण डासांची अंडी भांड्याच्या कडांना चिकटून राहतात आणि नुसते पाणी बदलून जात नाहीत.

सोनचाफा (पुणे)
आज सकाळपासून मी बाजरी बंद केली आहे. थाळीत पपईची एक फोड ठेवली. चिमण्या आल्या, रिकाम्या जाळीत डोकावून गेल्या, आणि सासूबाई दिवसभर फारशा बोलल्या नाहीत. पुढील सभेत मी अशी दुरुस्ती सुचवणार आहे की, दाणे आणि शिजवलेले अन्न यांना बंदी असावी, पाण्याला आणि झाडांना नसावी. शिवाय जिन्याच्या मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके लावावेत. पक्षी खरोखर आपटतात ते त्या काचेवर.

दादरकर (मुंबई)
दाण्यांविषयीची आणि ठिपक्यांविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे. पाण्याविषयी नाही, कारण उन्हाळ्यात पाण्यावरही पारवे येतात आणि आमच्याकडे ते तसेच आले होते. पाणी ठेवायचे असेल तर ते गच्चीवर किंवा आवारातल्या झाडाखाली ठेवावे.

सोनचाफा (पुणे)
आवारात मांजरे आहेत, आणि गच्चीवर सासूबाईंना जाता येत नाही. भांडे जाळीच्या आत ठेवून पाहते. त्यावरही पारवे आले, तर ते आवारातल्या आंब्याच्या फांदीला टांगेन आणि त्यांची खुर्ची त्या बाजूच्या खिडकीत हलवेन.