फायनलची लाँग केस: एका पेशंटवर एमबीबीएसचा निकाल ठरावा का?

मेडिसिनवाली

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. फायनलची प्रात्यक्षिक परीक्षा संपली की दोन-तीन रात्री मला नीट झोप लागत नाही. या वेळी जे पाहिलं ते लिहूनच टाकते.

एकाच सकाळी, एकाच वॉर्डात, शेजारच्या दोन खाटांवर दोन विद्यार्थी. लाँग केस म्हणजे एकच रुग्ण तपासून त्याचा आजार परीक्षकांसमोर मांडायचा. मुलाच्या वाट्याला सिकलसेलचा तरुण रुग्ण आला. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारा, परीक्षांना सरावलेला. मुलाने पोटाला हात लावायच्या आत तो म्हणाला, "सिकल आहे मले. पाणथरी तीन बोटं हाये, कालच्या मॅडमनं मोजली." पंचेचाळीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटांत पोराची केस तयार.

शेजारच्या खाटेवर मुलगी. तिला अर्धांगवायू झालेल्या आजी मिळाल्या. ऐकायला कमी, बोली गोंडी, आणि सोबतचा मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. आजाराला सुरुवात कधी झाली एवढं विचारण्यातच तिची वीस मिनिटं गेली. रिफ्लेक्स हॅमर हातात घेतला तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक खाटेपाशी येऊन उभे राहिले होते.

मुलगा उत्तम गुणांनी पास झाला. मुलगी प्रात्यक्षिकात तीन गुणांनी नापास झाली. थिअरी आणि प्रात्यक्षिक यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे तिचे पेपरातले चांगले गुण कामाला आले नाहीत. हीच मुलगी पोस्टिंगमध्ये रात्री नऊपर्यंत वॉर्डात थांबायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. लाँग केसचा भार कमी करा आणि ओस्की ही परीक्षा-पद्धत वाढवा. १९७५ साली डंडी विद्यापीठात रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली ती याच अन्यायावर उपाय म्हणून. प्रत्येक विद्यार्थी त्याच ठराविक ठिकाणांवरून फिरतो, प्रत्येक ठिकाणी तेच काम, तेवढाच वेळ आणि गुणांची यादी आधी ठरलेली. पेशंट कोण मिळाला यावर कुणाचे महिने वाया जात नाहीत.

जुना मास्तर

बाई, त्या मुलीबद्दल मलाही वाईट वाटलं. पण उपाय चुकीचा आहे.

ओस्की मी घेतलेली आहे. मुलगा आत येतो. हात धुतले, गुण. नाव सांगितलं, गुण. परवानगी विचारली, गुण. मग छातीवर चार ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवतो. ऐकू काय आलं हे त्याला माहीत नसतं, पण चारही जागा बरोबर असतात म्हणून त्याचेही गुण. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. यादी भरते, डॉक्टर मात्र तयार होत नाही.

आजारी माणूस तुकड्यातुकड्यांत येत नाही. ताप, खोकला, घरचं कर्ज आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या, सगळं एकदम घेऊन येतो. त्यातून मुद्दा वेचून काढायला लाँग केसच शिकवते. आणि त्या गोंडी बोलणाऱ्या आजी? उद्या ही मुलगी गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली तर रोज त्याच समोर बसणार आहेत.

मेडिसिनवाली

सर, अगदी मान्य. पण मग त्या मुलालाही त्याच आजी द्या! माझी तक्रार पेशंट अवघड होता ही नाही. एकाला अवघड आणि दुसऱ्याला पाठ करून दिलेला मिळाला आणि दोघांना एकाच मापाने मोजलं, ही आहे. हृदयाची केस छान मांडणारा मज्जासंस्थेच्या केसमध्ये चाचपडतो, हे आपण सगळेच दर बॅचला बघतो. एका केसवरून त्याला काय येतं हे कसं कळणार?

इंटर्न, ड्युटीवर

लहान तोंडी मोठा घास, पण तुम्ही दोघं ज्या गुणांवरून भांडताय त्यांना पुढे किंमतच नाही. पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) जागा नीट-पीजी प्रवेश परीक्षेच्या २०० एमसीक्यूंवर (बहुपर्यायी प्रश्नांवर) मिळते. लाँग केसमध्ये अव्वल आलात की काठावर, तिथे कुणी विचारत नाही. म्हणून आमच्यातले कितीतरी जण इंटर्नशिपमध्ये ड्रेसिंग उरकून कोपऱ्यात मोबाईलवर प्रश्न सोडवत बसतात. मीही बसतो. याची मला लाज वाटते, पण दुसरा रस्ता दिसत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात फायनल आणि नीट-पीजी या दोन्हींच्या जागी नेक्स्ट परीक्षा आली, २०२३ मध्ये पुढे ढकलली गेली. आम्ही कशाची तयारी करायची?

माझं मत: वर्षभर वॉर्डात जे करतो त्याला वजन द्या. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) आलं, अंतर्गत मूल्यमापन आलं. पण ते गुण विद्यापीठाच्या गुणांत धरत नाहीत, परीक्षेला बसायची पात्रता ठरली की त्यांचं काम संपलं. लॉगबुकवर सह्या आम्ही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत गोळा करतो.

एक पालक

अंतर्गत गुण वाढवायला माझा ठाम विरोध. माझ्या मुलीने एकदा युनिटच्या सरांना उलट प्रश्न विचारला आणि टर्मभर त्याची किंमत मोजली. बाहेरचा परीक्षक तिला ओळखत नव्हता, म्हणूनच ती सुटली. वर्षभराचे गुण एकाच माणसाच्या हातात गेले तर मुलं प्रश्न विचारायचीच बंद होतील.

बर्मिंगहॅमकर

मी मिरजेत शिकलो, आता इकडे मेडिसिनमध्ये आहे. वरचा वाद वाचून राहवलं नाही, कारण तुम्ही दोघं ज्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध मांडताय त्या एकत्र असलेली परीक्षा मी दिली आहे. ब्रिटनमधल्या एमआरसीपी या फिजिशियनच्या पात्रतेची प्रात्यक्षिक परीक्षा, पेसेस. पाच स्टेशन, बहुतेक ठिकाणी खरे पेशंट, खरे मर्मर (हृदयातले जादा आवाज). प्रत्येक स्टेशनवर दोन परीक्षक आणि दोघं गुण स्वतंत्र देतात, एकमेकांना न विचारता. म्हणजे एकाच उमेदवाराला दहा परीक्षक बघतात. एक केस बिघडली तरी सावरायला बाकीच्या असतात. माझी एक पार बिघडली होती, तरी पास झालो.

आपल्याकडे दोन परीक्षक एका खाटेशी उभे असतात, पण मोठे सर "किती देऊया?" म्हणतात आणि धाकटे मान हलवतात. परीक्षक दोन, मत एक.

इंटर्नच्या मुद्द्यावर एकच: अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप वनचा, निकाल फक्त पास-नापास असा लागतो. मुलांची धावपळ थांबली नाही, स्टेप टूकडे सरकली. पुढच्या जागा कशावर वाटल्या जातात हे बदलल्याशिवाय मोबाईल हातातून सुटणार नाही.

जुना मास्तर

पेसेसबद्दल ऐकून होतो. पण अडीचशे जागांचं कॉलेज, दिवसाला तीस मुलं, चार परीक्षक. प्रत्येकाला पाच पेशंट कुठून आणायचे? खाटेवरच्या माणसाचाही विचार करा. दिवसभरात दहा मुलांनी पाणथरी चाचपली की पोट दुखायला लागतं त्याचं.

तरी गुण वेगवेगळे लिहायचं म्हणणं मला पटलं. त्याला पैसा लागत नाही. मी स्वतः तसं कधी केलं नाही, करायला हवं होतं.

मेडिसिनवाली

पाच जमणार नाहीत सर. दोन जमतील. येत्या प्रिलिमला मी आमच्या युनिटमध्ये एवढं करून बघणार आहे: प्रत्येकाला एकाऐवजी दोन मध्यम केस, शरीरातल्या वेगवेगळ्या संस्थांच्या. दोन परीक्षकांचे गुणांचे कागद वेगळे, बंद पाकिटात. रुग्णाची बोली येत नसेल तर दुभाष्या म्हणून वॉर्डातल्या मावशी, आणि तेवढा वेळ घड्याळातून वजा. परीक्षेला सरावलेल्या पेशंटना सुट्टी.

ती मुलगी सप्लिमेंटरीच्या तयारीसाठी रोज वॉर्डात येतेय. त्या आजींकडून थोडी गोंडी शिकतेय.

जुना मास्तर

प्रिलिमची तारीख कळवा. दुसरं पाकीट भरायला मी येतो.