काउंट एबरहार्ड दुसरा : हा माणूस आयुष्यभर कोणाशी लढत होता?

वाचनवेल्हाळ
जर्मन शिकताना लुडविग उलांड या जर्मन कवीचं एक कथाकाव्य वाचलं. व्युर्टेम्बर्गच्या काउंट एबरहार्डचा मुलगा उलरिश रॉयटलिंगनला लढाई हरून घरी येतो, बापासमोर जेवायला बसतो. बाप सुरी उचलतो आणि दोघांच्या मधोमध मेजावरचं कापड कापून टाकतो. एक शब्द बोलत नाही. वाचल्यापासून हा म्हातारा डोक्यातून जात नाही. त्याला 'भांडखोर' म्हणत एवढंच कळलं. त्याची भांडणं होती कोणाशी आणि कशासाठी? आणि तो कापडाचा प्रसंग खरा आहे का?

जुनाट_नकाशे
माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा विषय काढलात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कापडाचा प्रसंग दंतकथा म्हणूनच वाचा. लढाई मात्र पक्की आहे, १४ मे १३७७ ची.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणा. स्वाबिया म्हणजे जर्मनीचा नैर्ऋत्य भाग, व्युर्टेम्बर्ग त्यातच येतं. तिथलं सत्ताधारी होहेनश्टाउफेन घराणं १२६८ मध्ये संपल्यावर स्वाबियाला कोणी एक धनी उरला नाही. उल्म, एस्लिंगन, रॉयटलिंगन अशी तटबंदीची शहरं थेट पवित्र रोमन सम्राटाला बांधलेली, आणि त्यांच्या अवतीभवती काउंट आणि सरदारांच्या जमिनी. एबरहार्ड १३४४ मध्ये भावाबरोबर गादीवर आला. १३६२ मध्ये भावाने कारभार सोडला आणि तो एकटा उरला. सम्राटाच्या वतीने या शहरांकडून कर वसूल करायचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि तो त्याने असा काही वापरला की शहरांनी सम्राटाकडे तक्रारी केल्या. १३६० मध्ये खुद्द सम्राट चौथा कार्ल त्याच्यावर चालून गेला आणि एबरहार्डला नमावं लागलं.

गंमत अशी की सोळा वर्षांनी तोच सम्राट एबरहार्डच्या बाजूला होता. कारण पैसा. कार्लला आपल्या हयातीतच मुलगा वेन्झेल राजा म्हणून निवडून आणायचा होता, आणि राजा निवडायचा हक्क असलेले मतदार राजपुत्र फुकट मत देणारे नव्हते. मग शहरांवर जबर कर बसले, काही शहरं आणि त्यांची उत्पन्नं गहाण पडू लागली. एबरहार्डच्या हाती गेलेलं शहर परत सुटणार नाही, हे उल्मच्या व्यापाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. जुलै १३७६ मध्ये उल्मच्या पुढाकाराने चौदा शहरांनी संघ केला. कार्लने उल्मला वेढा घातला, पण शहर पडलं नाही.

पुढच्या वर्षी रॉयटलिंगनची माणसं व्युर्टेम्बर्गच्या एका खोऱ्यात शिरली, डेटिंगन गाव जाळलं आणि गुरं हाकत परत निघाली. उलरिश शेजारच्या अखाल्म किल्ल्यावर होता. वाट अडवायला तो खाली उतरला. लढाईला तोंड लागलं, तेवढ्यात शहरातून आणखी एक जमाव बाहेर पडला आणि सरदारांच्या पाठीवर आला. साठहून अधिक सरदार पडले. उलरिश जखमी होऊन कसाबसा किल्ल्यावर पोचला.

डेटिंगनचा उल्लेख मुद्दाम केला. कवितांमध्ये बाप, लेक, तलवारी सगळं येतं, पण या वैरांची खरी किंमत खेड्यांनी मोजली. शहराचा तट फोडणं सोपं नव्हतं, म्हणून काउंट शहराच्या मालकीची खेडी जाळायचा आणि शहरवाले काउंटची. मला या काळाबद्दल वाचताना सगळ्यात जास्त तुटतं ते इथे.

पायवाट
विल्डबाडची गोष्ट राहिली! १३६७ मध्ये तो बायकोमुलासह गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला असताना शत्रू सरदारांनी छापा घातला. तो डोंगरातून निसटून त्सावेलश्टाइनच्या गढीवर पोचला. एका गुराख्याने वाट दाखवली असं सांगतात.

वाचनवेल्हाळ
दोघांचेही आभार. बापलेकाचं पुढे काय झालं?

जुनाट_नकाशे
२३ ऑगस्ट १३८८, डोफिंगन. शहरांच्या फौजेने या गावावर हल्ला केला तेव्हा शेतकरी आपलं किडूकमिडूक घेऊन तटबंदी केलेल्या दफनभूमीत शिरले आणि तिथून झुंजत राहिले. एबरहार्ड सैन्य घेऊन आला तो त्यांना सोडवायला. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. उलरिश पुढच्या फळीत होता आणि तिथेच मारला गेला. 'माझा मुलगा इतरांसारखाच एक माणूस आहे, लढत राहा' असं म्हातारा ओरडला, ही आख्यायिका. तो ओरडला असो वा नसो, फौज मोडली नाही आणि शहरांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी एगरच्या तहाने शहरांच्या अशा संघांवर बंदी आली.

तरीही माझ्या मते त्याचं मोठेपण लढायांत कमी आणि खरेदीखतांत जास्त आहे. कर्जात बुडालेल्या सरदारांकडून तो एकेक गाव विकत घेत गेला. बोब्लिंगन १३५७ मध्ये, नागोल्ड १३६३ मध्ये, हेरेनबर्ग १३८२ मध्ये. वडिलांनी १३४२ मध्ये ट्युबिंगन असंच विकत घेतलं होतं. शिवाय १३६१ मध्ये त्याने भावाकडून राज्याची वाटणी करायची नाही असा करार करून घेतला. आजूबाजूची घराणी वाटण्यांनी खिळखिळी होत असताना हा मुलूख एकसंध राहिला, याचं श्रेय मी त्या कराराला देतो. रॉयटलिंगन, एस्लिंगन ही शहरं मात्र शेवटपर्यंत त्याच्या हाती लागली नाहीत.

पायवाट
मग गादी कोणाला मिळाली? उलरिश तर एकुलता एक मुलगा ना?

जुनाट_नकाशे
हो. मार्च १३९२ मध्ये एबरहार्ड वारला आणि उलरिशचा मुलगा, तिसरा एबरहार्ड, गादीवर आला. त्याची बायको मिलानच्या विस्कोंती घराण्यातली अंतोनिया, हे लग्न आजोबांच्या हयातीतच झालं होतं. नातू स्वभावाने सौम्य म्हणून ओळखला जातो, पण १३९५ मध्ये त्यानेही हाइम्सहाइमला बंडखोर सरदारांच्या संघाचे तीन म्होरके पकडले. त्या संघाबद्दल वेगळा धागा काढलात तर नक्की लिहीन.