मान्को इंकाला ‘बाहुलं’ म्हणणं बरोबर आहे का?

पायवाट:
जो तो पेरूच्या इंका राजाला, मान्कोला, स्पॅनिशांचं बाहुलं म्हणून मोकळा होतो, मला अजिबात पटत नाही. १५३३ मधे इंका सम्राट अताहुआल्पाला मारल्यावर स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोने आधी त्याचाच भाऊ तुपाक हुआल्पाला गादीवर बसवलं, तो थोड्याच महिन्यांत वारला, मग इंकांची राजधानी कुस्कोच्या वाटेवर मान्को आपणहून येऊन भेटला. का, तर अताहुआल्पाच्या सरदारांनी कुस्कोत मान्कोच्या भाऊबंदांची कत्तल केलेली आणि हा जीव मुठीत धरून लपत होता. त्याचा शत्रू म्हणजे अताहुआल्पाचा सरदार किस्किस, त्याला हाकलायला हे घोडेवाले परके कामाचे वाटले. त्याने त्यांना वापरायचा विचार केला!

नंदू७१:
विचार काहीही असू दे हो, सत्ता कोणाच्या हातात होती ते सांगा. कपाळावर लाल लोकरी झालर इंकाची, म्हणजे राजाची खूण, पण ती बांधायची परवानगी पिझारोची. कुस्कोतलं सोनं वितळवून वाटून घेतलं, राजा काय करू शकला? यालाच बाहुलं म्हणतात.

पायवाट:
मग पुढचं पण बोला ना. त्याला साखळदंडात टाकलं, पिझारोचा भाऊ गोन्झालो पिझारोने त्याची बायको कुरा ओक्यो पळवली. एप्रिल १५३६ मधे तो दुसरा भाऊ एर्नांदो पिझारोला म्हणाला, वडिलांचा सोन्याचा पुतळा आणून देतो, आणि सोन्याच्या लोभात एर्नांदोने सोडला त्याला. मे महिन्यात कुस्कोला वेढा! तापवलेले दगड गोफणीने गवती छपरांवर मारून शहर पेटवलं, कुस्कोजवळच्या साक्सायवामान किल्ल्याच्या लढाईत डोक्यात दगड बसून तिसरा भाऊ हुआन पिझारो गेला. बाहुलं असं करतं का?

सायली_के:
बाहुलं बघायचंय तर त्याचा भाऊ पाउयू बघा. १५३७ मधे पिझारोचा स्पॅनिश प्रतिस्पर्धी आल्माग्रोने त्याला इंका म्हणजे राजा केलं, आणि तो मान्कोविरुद्ध लढला, पुढे बाप्तिस्मा घेऊन क्रिस्तोबाल झाला, १५४९ मधे मरेपर्यंत कुस्कोत आरामात. मला खरंच राग येतो त्याचा.

नंदू७१:
राग ठीके, पण इंकांच्या ताब्यातले कान्यारी, वांका हे लोक पण स्पॅनिशांच्या बाजूने लढलेच की, इंकांनी त्यांना काय कमी रगडलं होतं? मान्को फक्त स्वतःच्या घराण्यासाठी लढला असं म्हणणारेही असतील त्यांच्यात. आणि बंड केलं म्हणून आधीची तीन वर्षं पुसली जात नाहीत, त्याच वर्षांत स्पॅनिश तिथे घट्ट बसले.

पायवाट:
तीन वर्षांचा हिशोब करता, मग बंडानंतर मान्को जिथे डोंगर-जंगलात गेला त्या विल्काबाम्बाचा पण करा. मान्कोने तिथे उभं केलेलं राज्य १५७२ पर्यंत टिकलं, आणि १५३९ मधे पिझारोने कुरा ओक्योला मारून प्रेत टोपलीतून नदीत सोडलं ते मान्कोला दिसावं म्हणूनच. त्या माणसाला घाबरत होते ते.