राष्ट्रीय शिबिराचं पत्र आलंय, क्लबने खेळाडू सोडायलाच लागतो का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या फुटबॉल क्लबच्या १७ वर्षांच्या मिडफिल्डरला भारताच्या ज्युनिअर संघाच्या शिबिराचं बोलावणं आलंय. पोरगं जिल्हा लीग खेळतं, सीआरएसवर (भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत) नाव पूर्ण नोंदलेलं आहे. शिबिर ज्या आठवड्यात सुरू होतंय त्याच आठवड्यात कोल्हापुरात आमची नॉकआऊट मॅच आहे, आणि पत्र शिबिराच्या फक्त ९ दिवस आधी हातात पडलंय. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, फिफाचा नियम आहे, सोडायलाच लागतं. दुसरा म्हणतो, मॅच खेळून मग जाऊ दे.

नियम नेमका काय आहे? तिकडं गुडघा गेला तर खर्च कुणाच्या अंगावर? आणि खेळाडू देशाकडून खेळला की फिफा क्लबला पैसे देते म्हणतात, ते आपल्यासारख्या क्लबला लागू आहे का?

हाफलाईन (मिरज)

दादा, या सगळ्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. आधी शिबिराच्या तारखा फिफा विंडोत, म्हणजे राष्ट्रीय संघांसाठी फिफाने राखून ठेवलेल्या दिवसांत, येतात का ते बघा.

सिनिअर पुरुष संघाची नेहमीची विंडो सोमवारी सकाळी उघडते आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री संपते. म्हणजे ९ दिवस, त्यात जास्तीत जास्त दोन सामने. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो जोडून एकच लांब विंडो केलीय, २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, चार सामन्यांची. विंडोत आणि वर्ल्ड कप, आशियाई कप अशा सिनिअर संघांच्या मुख्य स्पर्धेला खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक आहे. त्याबाहेर नाही.

बोलावण्याचीही पद्धत ठरलेली आहे. विंडोच्या पहिल्या दिवसाच्या किमान १५ दिवस आधी खेळाडूला लेखी कळवायचं आणि त्याच वेळी क्लबलाही. क्लबने पुढच्या ६ दिवसांत होकार कळवायचा. प्रवासखर्च बोलावणाऱ्या संघटनेचा, पगार क्लबचा चालूच. विंडो संपल्यावर २४ तासांत खेळाडू क्लबकडे परत पाहिजे. सामने दुसऱ्या खंडाच्या महासंघाच्या हद्दीत असतील तर ४८ तास.

तारखा किती कडक असतात ते २०२५ च्या काफा नेशन्स कपला (मध्य आशियाई देशांची स्पर्धा) दिसलं. विंडो होती १ ते ९ सप्टेंबर, आणि भारताचा ताजिकिस्तानशी पहिला सामना २९ ऑगस्टला. शिबिर तर त्याच्याही आधी. मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत आणि नियमाने ते चूक म्हणता येत नाही. प्रशिक्षक खालिद जमील यांनी हाताशी होते त्यांना घेऊन संघ उभा केला आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तर याहून वाईट झालं. ती स्पर्धा विंडोत नाही, आयएसएल (क्लबांची इंडियन सुपर लीग) तोंडावर आलेली. शेवटच्या क्षणी जमेल तसा संघ गोळा झाला, सामन्याच्या काही तास आधी तिथं पोचला आणि चीनकडून ५-१ हरला. नियम क्लबच्या बाजूने होता, हाल मात्र खेळाडूंचे झाले.

तुमचं प्रकरण ज्युनिअर शिबिराचं आहे. तारखा विंडोबाहेर असतील तर फिफाचं बंधन नाही. ९ दिवसांची नोटीसही तोकडीच. तरीही माझं स्पष्ट मत आहे की पोराला सोडा. नॉकआऊट पुढच्या वर्षी परत येईल, १७ वं वर्ष परत येत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी मेस्सीला सोडायला बार्सिलोना बांधील नाही असा निकाल क्रीडा लवादाने दिला होता. निकाल खिशात असूनही क्लबने त्याला खेळू दिलं आणि तो सुवर्णपदक घेऊन आला.

डगआऊट ११ (सातारा)

हाफलाईन यांनी सांगितलंय त्यात एक कलम जोडतो, कारण कमिट्या नेमक्या इथंच फसतात. बोलावणं विंडोतलं असेल आणि खेळाडू कुठल्याही कारणाने गेला नाही, तर त्या काळात तो क्लबकडूनही खेळू शकत नाही, आणि ही बंदी पुढे आणखी ५ दिवस लांबते. "पायाला लागलंय" असं कळवायचं आणि रविवारी स्थानिक मॅचला उतरवायचं, हे चालत नाही. दुखापत खरी असली तरी संघटना आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून तपासणी करायला सांगू शकते. म्हणून विंडो असो वा नसो, खोटं कारण लिहू नका.

आता पोराबरोबर काय पाठवायचं ते. एका पानावर गेल्या चार आठवड्यांत किती मिनिटं खेळला, सराव किती, जुनी दुखापत कोणती आणि कोणत्या पायाची, हे लिहून द्या. शिबिरात पहिल्या दिवसापासून दोन वेळा सराव लागला आणि इथं आठवड्याला तीनच दिवस सराव होत असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ओढला जातो. तिकडच्या ट्रेनरला आधीचा भार माहीत असेल तर तो हळूहळू वाढवतो. माहीत नसेल तर सगळ्यांना एकाच मापाने पळवतो.

औषधांची यादी तर विसरूच नका. आपल्याकडं सूज किंवा दम्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सर्रास लिहून देतात. स्टेरॉईडच्या त्या गोळ्या स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहेत. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही ठराविक प्रमाणावर गेलं की दोष लागतो. डॉक्टरची चिठ्ठी असली म्हणजे सुटका असं नाही, उपचारासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या औषधाची बाटली घरीच ठेवा आणि काय घेतलं ते यादीत लिहा.

पासपोर्ट आहे का? परदेश दौरा असेल तर किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. १८ खालच्या मुलाच्या अर्जाला आई-वडिलांच्या सहीचं परिशिष्ट 'ड' जोडायचं. जन्मतारीख जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि सीआरएस या चारही ठिकाणी एकच हवी. एका जागी १२ आणि दुसरीकडं २१ असली तरी पोरगं अडकतं. १७ वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मनगटाचा एमआरआयही काढतात. हाडाचं टोक पूर्ण जुळलेलं दिसलं, म्हणजे वय जास्त धरलं, की कागद काहीही म्हणोत, खेळाडू बाहेर.

कृष्णाकाठ (सांगली)

तारखा बघितल्या. शिबिर विंडोबाहेर आहे. म्हणजे बंधन नाही, पण सोडायचं हे आता जवळजवळ ठरलंय. दुखापत आणि पैशाचं कुणी सांगेल का?

ताळेबंद (इस्लामपूर)

पैशाचं मी सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या लोक एकत्र करतात.

पहिली दुखापतीची. अब्देलमजीद उलमेर्स हा शार्लरोआ या बेल्जियन क्लबचा खेळाडू २००४ मध्ये मोरोक्कोकडून खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. क्लब कोर्टात गेला, युरोपातले बडे क्लब मागे उभे राहिले. २००८ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राष्ट्रीय संघांच्या कमाईत क्लबांना वाटा मिळू लागला. पुढं २०१२ पासून फिफाची क्लब संरक्षण योजना आली. सिनिअर पुरुष संघाकडून खेळताना खेळाडू सलग २८ दिवसांपेक्षा जास्त पूर्ण बाहेर राहिला, तर त्याच्या ठरलेल्या पगाराची भरपाई क्लबला मिळते. दिवसाला कमाल २०,५४८ युरो, जास्तीत जास्त ३६५ दिवस, म्हणजे एका अपघाताला ७५ लाख युरोंची मर्यादा. पहिले २८ दिवस क्लबचेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझीलकडून नेमारचा गुडघा गेला, पुढच्याच महिन्यात स्पेनकडून गावीचा. अशा वेळी ही योजना लागू होते. पण नेमारचा अल-हिलाल या सौदी क्लबमधला पगार एवढा मोठा की मर्यादेपुढचा सगळा भार क्लबवरच. आणि ऑपरेशनचा खर्च या योजनेत येत नाही.

तुमच्या पोराला यातलं काही लागू नाही, कारण संघ ज्युनिअर आहे. म्हणून दोन कामं करा. शिबिराच्या पत्राला उत्तर देताना "शिबिरकाळात वैद्यकीय विमा कोणाचा, रक्कम किती" हे लेखी विचारा. आणि इथून एक वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, पण सही करण्याआधी अपवादांचं पान वाचा. बऱ्याच पॉलिसींत व्यावसायिक किंवा स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते. लिगामेंट फाटल्यावर ते पान वाचून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वर्ल्ड कपच्या पैशाची. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला फिफाने क्लबांना २०.९ कोटी डॉलर वाटले, एका खेळाडूमागे दिवसाला साधारण १०,९५० डॉलर. पण ते त्या खेळाडूच्या आधीच्या दोन वर्षांतल्या क्लबांना. ज्युनिअर शिबिराचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या उपयोगाची आहे ती सॉलिडॅरिटी. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात पैसे मोजून बदली झाली, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. १२ ते १५ या वर्षांना प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ ला प्रत्येकी ०.५० टक्के. समजा तो १३ ते १६ अशी चार वर्षं तुमच्याकडे नोंदलेला होता. तीन वर्षांचे ०.७५ आणि एका वर्षाचे ०.५०, मिळून १.२५ टक्के. एक कोटीच्या बदलीवर सव्वा लाख. दोन भारतीय क्लबांमधल्या बदलीवर फिफाच्या या नियमाने आपल्याला हे मिळत नाही. आणि ज्या सीझनला नोंदणी केली नाही ते वर्ष हातचं गेलं, कारण हिशोब इलेक्ट्रॉनिक प्लेअर पासपोर्टवरून (खेळाडू कधी कुठल्या क्लबात नोंदलेला होता त्याची नोंद) होतो, वहीतल्या हजेरीवरून नाही.

पुसेगाव एक्सप्रेस (सातारा)

याच धाग्यात विचारतो. दुबईत वाढलेला, ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा, पण परदेशी पासपोर्टचा) मुलगा भारताकडून खेळू शकतो का? बांगलादेशने हमझा चौधरीला आणलं तसं?

हाफलाईन (मिरज)

ओसीआय कार्डावर नाही. भारतीय पासपोर्टच लागतो, आणि आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळं आधीचा परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून उतरला. बांगलादेशात दुहेरी नागरिकत्व चालतं. हमझा इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळला होता, सिनिअरमधून नाही, म्हणून संघ बदलता आला. मार्च २०२५ मध्ये त्याचं पदार्पण शिलाँगला आपल्याच विरुद्ध झालं.

सिनिअर संघाकडून मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने खेळाडू कायमचा बांधला जात नाही. मोहन बागानकडून खेळलेला जेसन कमिंग्ज स्कॉटलंडकडून मैत्रीपूर्ण सामने खेळूनही २०२२ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाच्या संघात होता. अधिकृत सामना खेळला असेल तर मात्र २०२० पासूनच्या अटी लागतात: २१ पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त तीन सामने, त्याला तीन वर्षं झालेली, आणि वर्ल्ड कप किंवा खंडाची मुख्य स्पर्धा खेळलेली नसावी.

कृष्णाकाठ दादा, उत्तराचा मसुदा देतो, लेटरहेडवर टाईप करून घ्या:

"आपले दि. … चे पत्र दि. … रोजी मिळाले. आमचा नोंदणीकृत खेळाडू (सीआरएस क्र. …) यास दि. … ते दि. … या शिबिरासाठी क्लब स्वेच्छेने मुक्त करीत आहे. प्रवासखर्च, शिबिरकाळातील वैद्यकीय उपचार व विमा यांची जबाबदारी कोणाची, ते परत लेखी कळवावे. खेळाडूचा सरावभार, जुन्या दुखापती व चालू औषधे यांची माहिती सोबत जोडली आहे. दुखापत झाल्यास त्याच दिवशी क्लबला व पालकांना कळवावे."

'स्वेच्छेने' हा शब्द काढू नका. ईमेलवर पाठवा, प्रत जिल्हा संघटनेला द्या, आणि पालकांची सही दुसऱ्या प्रतीवर घेऊन फाईलला लावा.