पाणी तोडू नका, चहा तोडा

सासूबाईंना सारखी लघवीची घाई होते, काय करावं, असं इथे विचारलंय; त्यावर ‘त्यांचं पाणीच कमी करा’ असा सल्ला दिला गेलाय, तो मला पटला नाही. पाणी फारच कमी केलं की लघवी गडद होते, मूत्राशय आणखी चिडतं आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

आधी लघवीची साधी तपासणी करा, रक्तातली साखर बघा. मग ३ दिवस वही ठेवा: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, काय प्यायल्या, घाई कितपत. इथे इंदूरला माझ्या दवाखान्यात अशा वह्या येतात, त्यांत बहुतेकदा चहाच सापडतो. सकाळी पोह्यांबरोबर, दुपारी, आल्यागेल्यासोबत, आणि वर रात्री ९ ला ‘अर्धाच कप’. तो अर्धा आधी बंद!

घाई आली की धावायचं नाही. बसून, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, कळ ओसरली की मग उठायचं. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. याला निदान ६ आठवडे द्या, गोळ्या त्यानंतर. त्यांतली ऑक्सिब्युटिनिन ही गोळी अशक्त म्हाताऱ्या माणसांना शक्यतो नकोच, डोक्यात गोंधळ वाढू शकतो. मिराबेग्रॉन ही दुसरी गोळी दिली तर रक्तदाब मोजत राहा. लघवीत रक्त दिसलं तर मात्र वही-बिही राहू द्या, सरळ युरॉलॉजिस्ट गाठा.